जुन्या सायकलचं क्रोम कसं उजळायचं

बरीच वर्षं कोपऱ्यात उभी असलेली सायकल बाहेर काढली की आधी नजर जाते ती हँडलवर. तपकिरी डाग, खरखरीत ठिपके, बोट फिरवलं तर बोटाला लागणारी गंजाची पूड. मडगार्ड काळवंडलेले, रिमवर गंजाचा थर. बहुतेक जण तिथेच ठरवून टाकतात की क्रोम गेलं, आता एक तर नवे भाग घ्यायचे किंवा चंदेरी रंग मारायचा. माझं कळकळीचं सांगणं आहे की रंगाच्या डब्याला हात लावण्याआधी एक दिवस या लेखातल्या पद्धतीला द्या. गंजलेलं दिसणारं बरंचसं क्रोम खाली शाबूत असतं आणि पाणी, साबण, थोडं तेल आणि ॲल्युमिनियम फॉइल एवढ्यावर ते वर येतं. चंदेरी रंग मात्र एकदा बसला की खालचं क्रोम परत मिळवणं फार जिकिरीचं होतं.

गंज क्रोमचा नसतो

क्रोम गंजत नाही. गंजतं ते त्याच्या खालचं पोलाद. सायकलच्या भागावर आधी निकेलचा मुलामा दिलेला असतो, कधी त्याच्याही खाली तांब्याचा, आणि सगळ्यात वर क्रोमचा. निकेलचा थर साधारण १० ते ३० मायक्रॉन जाडीचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). क्रोमचा थर मात्र जेमतेम पाव ते अर्धा मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या शंभराव्या हिश्शाहूनही पातळ. आरशासारखी झळाळी मुख्यतः खालच्या निकेलची असते. क्रोम तिला कठीणपणा देतं, निकेल काळवंडू देत नाही आणि किंचित निळसर झाक आणतं.

क्रोमच्या थराला डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा असतात. निकेलचा थर जिथे पातळ पडला असेल किंवा त्याला सूक्ष्म छिद्रं असतील, तिथून ओल पोलादापर्यंत पोचते. आत तयार झालेला गंज फुगून छिद्रातून वर येतो आणि आजूबाजूच्या चांगल्या क्रोमवर पसरून बसतो. म्हणून नाण्याएवढा दिसणारा तपकिरी डाग अनेकदा सुईच्या टोकाएवढ्या चार-दोन छिद्रांतून आलेला असतो. डाग पुसला की खाली चकचकीत क्रोम आणि त्यात मोजके काळे ठिपके, असं दृश्य दिसतं.

पुढची सगळी पद्धत या दोन गोष्टींवर उभी आहे. वर बसलेला गंज काढायचा, पण अर्ध्या मायक्रॉनच्या थराला धक्का लावायचा नाही. त्यामुळे सुरुवात नेहमी सगळ्यात मऊ साधनाने करायची आणि त्याने काम होत नाही असं दिसलं तरच पुढच्या साधनाकडे जायचं.

आधी नीट पाहणी

उजेडात बसा आणि एकेक भाग हाताळा. डागावरून नख फिरवा. नख सरळ घसरत गेलं तर डाग वरवरचा आहे आणि तो निघणारच. नखाला उंचवटे लागले तर वर गंजाची खपली आहे, तीही बहुधा निघेल, पण खाली बारीक खड्डे सापडतील. नखाखाली क्रोमचा पापुद्रा हलत असेल किंवा कडेने उचलला गेला असेल तर तिथला मुलामा सुटलेला आहे. तो घासून परत बसत नाही. अशा पापुद्र्यांच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात, म्हणून जाड हातमोजे पाहणीच्या वेळीच घाला.

मग लोहचुंबक घ्या. चकाकणारा प्रत्येक भाग क्रोमचा नसतो. चुंबक चिकटलं तर आत पोलाद आहे. चिकटलं नाही तर तो भाग ॲल्युमिनियमचा, स्टेनलेस स्टीलचा किंवा पितळेवर क्रोम दिलेला असू शकतो. काही रिम आणि क्रँक (पेडल ज्यांना बसवलेलं असतं ते दांडे) ॲल्युमिनियमचे असतात, मडगार्ड कधी स्टेनलेसचे. त्यांना गंज काढण्याची प्रक्रिया लागत नाही, धुणं आणि पॉलिश पुरतं. चुंबक चिकटतं पण भाग चकाकत नाही, मंद राखाडी दिसतो, तर त्यावर जस्ताचा मुलामा असण्याची शक्यता मोठी. स्पोक आणि नटबोल्ट बऱ्याचदा असे असतात. जुन्या काही नटबोल्टांवर कॅडमियमचाही मुलामा असतो आणि त्याची धूळ विषारी असते. राखाडी मुलाम्याचे भाग कधीही कोरडे घासू नका, त्यांच्यावर काचपेपर चालवू नका. तेलाच्या फडक्याने पुसून सोडून द्या.

रंगाकडेही लक्ष द्या. निळसर थंड चकाकी म्हणजे क्रोम. किंचित पिवळट, उबदार चकाकी म्हणजे निकेल उघडं पडलंय. लालसर झाक दिसली तर तांबं, आणि करडा रंग म्हणजे थेट पोलाद. काम करताना हे रंग सतत डोक्यात ठेवा. निळसर पृष्ठभागावर पिवळट पट्टा दिसू लागला तर क्रोम झिजलं असं समजा आणि तिथलं घासणं ताबडतोब थांबवा. सायकल खूपच जुनी असेल तर मुळातच सगळीकडे पिवळट चकाकी असू शकते. क्रोमचा मुलामा सायकलींवर १९३० च्या सुमारास रुळला, त्याआधी निकेलच वापरत. निकेल क्रोमपेक्षा मऊ असतं, तेव्हा अशा सायकलवर हात आणखी हलका हवा.

पाहणीत एक गोष्ट सौंदर्यापेक्षा महत्त्वाची आहे. हँडल जिथे दांडीत आवळलेलं असतं तिथे, हँडलच्या मुठींच्या आत, सीटखालच्या नळीवर आणि रिमच्या आतल्या बाजूला गंज किती खोल गेलाय ते बघा. मुठी काढून नळीच्या तोंडात डोकवा. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबून पाहा. धातूचे पापुद्रे सुटत असतील, टोक आत रुतत असेल किंवा भेग दिसत असेल तर तो भाग बाहेरून कितीही चमकवता आला तरी परत सायकलवर चढवू नका. चालत्या सायकलचं हँडल तुटणं किंवा रिम फुटणं जिवावर बेतू शकतं.

काय काय जवळ ठेवायचं

भांडी घासायचा द्रव साबण, दोन बादल्या, जुने टूथब्रश, भरपूर सुती फडकी, ॲल्युमिनियम फॉइलची गुंडाळी, पितळी तारांचा मऊ ब्रश, गंज सोडवणारं पातळ तेल, खाण्याचा सोडा, क्रोमसाठीचं पॉलिश, गाडीला लावतात ते मेण, रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा. हट्टी भागांसाठी सायट्रिक ॲसिडची पूड. बारीक कोपऱ्यांसाठी बांबूच्या काड्या.

पितळी ब्रश घेताना किंवा तांब्याच्या रंगाची घासणी घेताना तिला चुंबक लावून पाहा. चिकटली तर आत पोलादी तार आहे आणि वर नुसता मुलामा. ती बाजूला ठेवा.

सुटं करणं

जमेल तेवढं सुटं करा. हँडल, मडगार्ड, घंटी, दिवा, कॅरिअर आणि चाकं निघाली तरी काम निम्मं सोपं होतं. खोलण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा, विशेषतः ब्रेकच्या जोडण्यांचे. दांड्यांचे ब्रेक असतील तर हे फोटो नसताना पुन्हा जोडायला फार वेळ जातो. प्रत्येक भागाचे नट, वॉशर वेगळ्या डबीत ठेवा. गंजलेल्या नटावर आदल्या रात्री तेल सोडून ठेवलं की सकाळी पाना फारसा झगडत नाही.

सीटखालची नळी किंवा हँडलची दांडी जाम असेल आणि तुम्ही नवखे असाल तर ती जागच्या जागीच स्वच्छ करा. हातोड्याने ठोकून फ्रेम वाकवण्यापेक्षा तेवढा भाग तसाच राहिलेला बरा.

धुणं आणि तेल मुरवणं

ही पायरी लोक घाईत उरकतात. काळवंडलेल्या क्रोमवरचा बराचसा काळेपणा वाळलेल्या तेलाचा, धुळीचा आणि पाण्याच्या क्षारांचा असतो. शिवाय धुळीत वाळूचे कण असतात. ते न काढता घासायला लागलात तर तुम्ही क्रोमवर वाळू चोळत असता.

कोमट पाण्यात साबण घालून मऊ फडक्याने सगळा भाग धुवा, सांध्यांत टूथब्रश फिरवा. चिकट, जुनं ग्रीस साबणाने निघत नसेल तर फडक्यावर थोडं रॉकेल घेऊन पुसा आणि पुन्हा साबणाने धुवा. रॉकेल वापरताना जवळ ज्योत नको, हवा खेळती हवी. हब (चाकाचा मधला भाग), पेडल आणि हँडलच्या सांध्यातल्या बेअरिंगमध्ये पाणी जाऊ देऊ नका. जोराच्या फवाऱ्याने सायकल धुणं टाळा.

धुऊन, कोरडं करून पुन्हा एकदा बघा. काही भाग इथेच उजळलेले असतील. त्यांना पुढच्या कुठल्याही घासण्याची गरज नाही, थेट पॉलिश आणि मेणाकडे न्या.

उरलेल्या गंजावर पातळ तेल लावा आणि काही तास तसंच राहू द्या. रात्रभर राहिलं तर उत्तम. तेल गंजाच्या खपलीत झिरपून तिची पकड ढिली करतं. नंतर फडक्याने दाबून पुसा. बरीच तपकिरी पूड नुसत्या पुसण्यानेच निघते, आणि जेवढी अशी निघेल तेवढं घासणं कमी.

फॉइलने घासणं

आता मुख्य काम. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा खूप मऊ असतं. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोह्स मोजपट्टीवर ॲल्युमिनियम ३ च्या आत आहे आणि क्रोम ८ च्या पुढे. त्यामुळे फॉइल क्रोमला ओरखडत नाही, पण भुसभुशीत झालेला गंज मात्र खरवडून काढते. ॲल्युमिनियमला ऑक्सिजनची ओढ लोखंडापेक्षा जास्त असते, त्यामुळे ओल्या पृष्ठभागावर थोडी रासायनिक मदतही मिळते असं सांगतात. माझ्या मते तिचा वाटा लहान आहे. खरं काम सौम्य घर्षणाचं.

फॉइलचा तळहाताएवढा तुकडा फाडा आणि सैलसर चुरगाळून गोळा करा. घट्ट, कडक गोळा केला तर कडा बोचतात आणि वळणांवर तो नीट बसत नाही. फॉइलची चकचकीत बाजू बाहेर की मंद, याने काही फरक पडत नाही. आधीचं तेल साबणाने धुऊन टाका, भाग ओला करा, फॉइलही पाण्यात बुडवा आणि हलक्या हाताने लहान लहान गोल फिरवत घासायला लागा.

एका वेळी हाताच्या पंजाएवढाच भाग घ्या. थोड्याच वेळात करड्या-तपकिरी रंगाचा पातळ चिखल तयार होईल. तो होतोय म्हणजे काम होतंय. दर काही सेकंदांनी ओल्या फडक्याने तो पुसा, पृष्ठभाग बघा, पुन्हा पाणी लावा. चिखल वाळू देऊ नका. सुटलेल्या गंजाचे कणही खरखरीत असतात आणि कोरडे झाले की तेच ओरखडे काढतात. सुरुवातीला फॉइल खरखर आवाज करते. डाग निघत गेला की आवाज मऊ होत जातो आणि गोळा गुळगुळीत घसरायला लागतो. हाताला हा फरक कळला की डोळ्यांआधी हातच सांगतो की इथलं झालं.

जोर लावायचा मोह आवरा. जोराने काम लवकर होत नाही, फॉइल मात्र फाटते. गोळा काळा आणि सपाट झाला की टाकून नवा घ्या. पाण्याने डाग हलत नसेल तर पाण्याऐवजी पांढरं व्हिनेगर वापरा. त्यातलं सौम्य आम्ल गंज सैल करतं. पण व्हिनेगरने घासलेला भाग लगेच भरपूर पाण्याने धुवा, वाळेपर्यंत तसाच ठेवू नका. आजूबाजूला रंग, रेघा किंवा जुनी चिन्हं असतील तर घासण्याआधी त्यांच्यावर चिकटपट्टी लावा. फॉइल क्रोमला सोसते, रंगाला आणि चिकटवलेल्या चित्रांना सोसत नाही.

खोलगट जागी, घंटीच्या कडेला, मडगार्डच्या दुमडीत, नटाच्या भोवती बोट पोचत नाही. तिथे बांबूच्या काडीच्या टोकाला फॉइल गुंडाळा. तरीही खपली धरून बसली असेल तर पितळी ब्रश तेल लावून फिरवा. पितळही क्रोमपेक्षा मऊच आहे. कधी कधी पितळेचा पिवळट लेप क्रोमवर उतरतो आणि निकेल उघडं पडल्याचा भास होतो. घाबरू नका, पॉलिशने पुसून पाहा. पुसलं गेलं तर ते पितळ होतं.

बारीक पोलादी लोकर वापरावी की नाही यावर वाद आहे. ०००० नंबरची, म्हणजे सगळ्यात बारीक लोकर तेलासोबत हलक्या हाताने वापरली तर चांगल्या क्रोमवर सहसा खुणा राहत नाहीत, आणि अनेक अनुभवी लोक ती वापरतातही. नवख्यांना मी ती सुचवत नाही. झिजलेल्या क्रोमखालच्या निकेलवर ती ओरखडे काढते आणि तिचे बारीक तुकडे सांध्यांत अडकून स्वतःच गंजतात. वापरायचीच असेल तर नंतर चुंबक फिरवून तुकडे गोळा करा. भांड्यांची जाड तारेची घासणी, काचपेपर आणि ड्रिलला लावायचा पोलादी ब्रश यांना क्रोमच्या आसपास थारा नको.

रिम आणि स्पोक

सगळ्यात जास्त वेळ चाकं खातात. टायर, ट्यूब आणि रिमच्या आतली पट्टी काढा, कारण पाणी तिथेच साचतं आणि खरा गंज आतच असतो. आतला गंज पितळी ब्रशने घासून पुसा. तिथे चकाकी नको असते, गंज पसरायचा थांबला म्हणजे झालं. स्पोकची टोकं वर आली असतील तर ती ट्यूब फोडतात, तेही याच वेळी बघून घ्या.

बाहेरच्या बाजूला दोन स्पोकांमधला एकेक पट्टा घ्या आणि तो संपल्यावरच पुढे जा. सगळ्या रिमवर थोडं थोडं घासत फिरलात तर कुठे झालं, कुठे राहिलं हे कळत नाही. फॉइलची लांब पट्टी दुमडून स्पोकांमधून ओवायची आणि दोन्ही टोकं धरून पुढे-मागे ओढायची. निपलच्या, म्हणजे स्पोक रिममध्ये आवळणाऱ्या छोट्या नटाच्या, भोवतीची अवघड जागा याने चांगली निघते. क्रोमचे किंवा स्टेनलेसचे स्पोक असतील तर फॉइल स्पोकभोवती चिमटीत धरून लांबीच्या दिशेने ओढा. स्पोकवर आडवा जोर देऊ नका. जस्ताचे राखाडी स्पोक तेलाच्या फडक्याने नुसते पुसा. ते चमकवायला गेलात तर जस्त निघून जाईल आणि पहिल्या ओलीतच ते गंजतील.

फॉइलने निघालं नाही तर

जाड खपली असलेल्या, पूर्ण सुट्या झालेल्या पोलादी भागांसाठी सायट्रिक ॲसिडची आंघोळ उपयोगी पडते. लिंबूसत्त्व म्हणून मिळणारी पूड ती हीच. १ लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम पूड विरघळवा, प्लास्टिकच्या भांड्यात भाग पूर्ण बुडेल असा ठेवा. अर्धवट बुडाला तर पाण्याच्या रेषेवर कायमची खूण उमटू शकते. सुरुवातीला दर अर्ध्या तासाने बाहेर काढून टूथब्रशने घासून बघा. साधारण दोन-तीन तासांत फरक दिसतो. रात्रभर विसरू नका, कारण गंज संपला की आम्ल उघड्या पोलादावर काम करायला लागतं आणि तो भाग काळपट होतो.

मडगार्डसारखा मोठा किंवा अर्धा रंगवलेला भाग बुडवता येत नाही. त्यावर हेच पाणी भिजवलेलं फडकं ठेवा, वरून प्लास्टिक गुंडाळा आणि अधूनमधून उचलून बघत राहा.

बाहेर काढल्यावर लगेच धुवा, मग १ लिटर पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा घालून त्यात बुडवा, पुन्हा साध्या पाण्याने धुवा आणि ताबडतोब कोरडं करून तेल लावा. आम्लातून निघालेलं उघडं पोलाद हवेत काही मिनिटांत पुन्हा तांबूस व्हायला लागतं. त्यामुळे फडकी आणि तेल आधीच हाताशी ठेवा.

ऑक्झॅलिक ॲसिड यापेक्षा प्रभावी आहे. १ लिटर पाण्यात २० ते २५ ग्रॅम पुरतं. पण ते विषारी आहे. पोटात जाणं घातक, त्वचेला आणि डोळ्यांना त्रासदायक, आणि पूड उडाली तर श्वासालाही. मुलं किंवा पाळीव प्राणी घरात असतील तर सायट्रिकवरच भागवा. ऑक्झॅलिक वापरलंच तर हातमोजे, चष्मा, उघडी जागा, आणि भांडं पुन्हा स्वयंपाकघरात जाऊ द्यायचं नाही. भाग जास्त वेळ राहिला तर त्यावर पिवळा लेप बसतो. तो लोखंडाचा ऑक्झॅलेट, आणि नंतर घासून काढावा लागतो.

कुठल्याही आम्लात या गोष्टी घालू नका: ॲल्युमिनियमचे भाग, जस्ताचा मुलामा असलेले स्पोक आणि नट, बांधलेलं अख्खं चाक, बेअरिंग, स्प्रिंग आणि चेन. कडक केलेलं पोलाद आम्लात ठेवलं की त्यात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकतं आणि नंतर भाराखाली अचानक तुटू शकतं. चेन गंजून कडक झाली असेल तर बदला.

हे अजिबात नको

संडास साफ करायचं ॲसिड. त्यात बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, आणि खराब क्रोम भागावरून उतरवण्यासाठी कारखान्यांत हेच ॲसिड वापरतात. गंजाबरोबर क्रोमही जातं. लिंबू आणि मीठ चोळायचा उपायही टाळा, कारण मीठ छिद्रांत उरलं की गंजाला जोर चढतो. ब्लीच तर नकोच, आणि ते कुठल्याही आम्लाच्या जवळही आणू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरिन वायू सुटतो आणि तो फुप्फुसं जाळतो. गोड शीतपेयाने गंज निघतो हे थोडंफार खरं आहे, काहींमध्ये फॉस्फरिक ॲसिड असतं, पण ते फार सौम्य असतं आणि साखरेचा चिकटा मागे उरतो.

सुकवणं, पॉलिश, मेण

शेवटचं धुणं झालं की भाग वरवर पुसून थांबू नका. छिद्रांत पाणी उरलेलं असतं, नळीच्या आत तर नक्कीच. हँडलचं टोक खाली करून पाणी निथळू द्या, मग कडक उन्हात ठेवा किंवा हेअर ड्रायरने हाताला उबदार लागेल इतकं तापवा. नळीच्या आत थोडं तेल सोडून फिरवा.

आता क्रोमचं पॉलिश. मऊ फडक्यावर अगदी थोडं घ्या, लहान भागात चोळा, वाळून पांढुरकं झालं की दुसऱ्या स्वच्छ फडक्याने पुसा. पॉलिश म्हणजेही बारीक घर्षणच. म्हणून ते आता एकदा मनापासून करा, दर आठवड्याला करू नका. टूथपेस्टने थोडं काम होतं, पण ती फटींत जाऊन पांढरी वाळते आणि काढताना जीव नकोसा होतो.

त्यावर मेण. ही पायरी गाळलीत तर काही आठवड्यांत तेच तपकिरी ठिपके त्याच जागी परत येतील, कारण छिद्रं तुम्ही बुजवलेली नाहीत, फक्त साफ केली आहेत. मेण त्या छिद्रांत बसतं आणि ओल आत जाऊ देत नाही. भाग किंचित उबदार असतानाच पातळ हात द्या, वाळू द्या, पुसा आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक हात द्या. पारदर्शक लाखेचा फवारा मारण्याचा सल्लाही मिळतो. मी तो देत नाही. गुळगुळीत क्रोमवर लाख नीट धरत नाही, कुठेतरी टवका उडतो आणि तिथून शिरलेलं पाणी लाखेखाली अडकून बसतं. मेण झिजलं तर पुन्हा लावता येतं.

एक जागा सोडून द्यायची आहे. ब्रेकचं रबर रिमला जिथे घासतं तिथे मेण, तेल, पॉलिश काहीही राहता कामा नये. कॅलिपर ब्रेक, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे धरणारे, असतील तर ती जागा रिमच्या बाजूला असते, दांड्यांचे ब्रेक असतील तर रिमच्या आतल्या, हबकडे तोंड असलेल्या बाजूला. आधी आपल्या सायकलला कुठे आहे ते ओळखा. काम संपल्यावर ती पट्टी स्पिरिटच्या फडक्याने पुसून घ्या. ब्रेकची रबरं काढून तपासा, त्यांत धातूचे कण रुतले असतील तर टोचून काढा, रबर कडक झालं असेल तर बदला. ओल्या क्रोमवर ब्रेक मुळातच उशिरा लागतात, त्यात तेलाची भर नको.

जे परत येत नाही

गंज निघाल्यावर उरलेले काळे ठिपके हे खड्डे आहेत. ते घासून जाणार नाहीत. जास्त घासलंत तर खड्डा तसाच राहतो आणि भोवतीचं क्रोम मात्र झिजतं. हातभर अंतरावरून ते जवळजवळ दिसत नाहीत. तिथे मेण भरा आणि पुढच्या भागाकडे वळा. जुन्या सायकलवर असे ठिपके मला अजिबात खटकत नाहीत.

पापुद्रे सुटलेल्या भागाची सैल टोकं चिमट्याने काढा, खालचा गंज साफ करा, तेल किंवा मेण लावत राहा. तो भाग तुम्हाला पूर्वीसारखाच हवा असेल तर मुलामा नव्याने करून घ्यावा लागतो. त्यात जुना मुलामा उतरवतात, पोलाद घासून गुळगुळीत करतात, मग तांबं, निकेल आणि क्रोम असे थर चढवतात. काम कसं होईल हे या घासण्यावर ठरतं, कारण खड्डा नव्या क्रोमखालीही दिसतो. देण्याआधी विचारा की खड्डे भरणार का, आणि अक्षरं किंवा चिन्ह कोरलेली जागा घासताना सांभाळणार का. घरी क्रोमचा मुलामा देण्याचा प्रयोग करू नका. त्या द्रावणात वापरलं जाणारं षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे.

जोडल्यावर

जोडताना प्रत्येक आट्यावर थोडं ग्रीस लावा, सीटखालच्या नळीला आणि हँडलच्या दांडीलाही, म्हणजे पुढच्या वेळी जाम होणार नाहीत. हँडल, चाकांचे नट आणि ब्रेक घट्ट झालेत का ते पाहून सायकल आधी हळू चालवा आणि ब्रेक दोन-चार वेळा दाबून बघा.

पहिल्या महिन्यात दर आठवड्याला उजेडात एक नजर टाका. एखादा ठिपका पुन्हा तांबूस व्हायला लागला तर ओल्या फॉइलचे दोन हलके हात, पुसणं, सुकवणं आणि मेण एवढंच लागतं. त्यानंतर दोन-तीन महिन्यांतून एकदा मेण पुरतं. समुद्राच्या जवळ राहत असाल किंवा मुठींच्या कडेला घाम साचत असेल तर लवकर लावा, कारण मीठ कुठूनही आलं तरी तितकंच वाईट. पावसात भिजलेली सायकल तशीच उभी करू नका, साध्या पाण्याने धुऊन पुसून घ्या. झाकायची असेल तर हवा खेळेल असं कापड घाला. प्लास्टिकखाली रात्रीची ओल अडकते आणि हँडलवर थेंब धरतात.